पुन्हा श्रीगणेशा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त निघालेल्या अभ्यास-सहलीच्या समारोपप्रसंगी, तंजावर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण.)



आज सकाळी आपण बृहदीश्वराच्या देवळात एका भिंतीपाशी बराच वेळ थांबलो होतो. तमिळ भूमीवर, चोळांनी बांधलेल्या देवळात, भिंतभर कोरलेली मराठी वाचताना आपल्यापैकी अनेकांना गहिवरून आले. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरून घेतलेला तो भोसले कुळाचा इतिहास. त्यानंतर सरस्वती महाल ग्रंथालयात गेल्यावर मी तुम्हांला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे याच राजांच्या छापखान्यातून १८०६ साली बाहेर पडलेली ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे मराठी मुलांसाठी केलेला इसापच्या गोष्टींचा अनुवाद. दुसरी म्हणजे राजांनी जपून ठेवलेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

समारोपाला मी तंजावरच्या मराठ्यांविषयी बोलावे, अशी आयोजकांची इच्छा होती. माझे माहेर इथले, त्यामुळे ती अपेक्षा साहजिकच. पण त्यांच्या अनुमतीने मी विषय थोडा बदलला आहे. माझे बोलणे पूर्वीसारखे का राहिले नाही, हा प्रश्न गेल्या चार वर्षांत अनेक माजी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत मला दिसला. संकोचाने तो कोणी विचारला नाही आणि मीही उत्तर दिले नाही. आज देते. चार वर्षांपूर्वी मला जिभेचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत जिभेचा उजवा भाग काढावा लागला. आज तुमच्याशी बोलणाऱ्या जिभेचा एक भाग माझ्या डाव्या मनगटाजवळच्या त्वचेचा आहे.

मी तंबाखू कधी खाल्ली नाही, मशेरी लावली नाही. माझ्या पर्समध्ये मात्र सुपारीची डबी असे. हा संस्कार याच गावचा. कावेरीकाठचे कोवळे विड्याचे पान आणि कातरलेल्या सुपारीची पातळ सीवल यांच्याशिवाय इथे लग्न ठरत नाही की पाहुणा उठत नाही. सुपारीने घसा मोकळा राहतो, अशी माझी समजूत होती आणि सलग सहा तास घेणाऱ्या शिक्षिकेला ती सोयीची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारीही माणसाला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणली आहे. एम.ए. झालेली मी, दर वर्षी शाळेत तंबाखूविरोधी दिन साजरा करणारी मी. हे मला ठाऊक नव्हते. आजार तुमचा दोष म्हणून होत नाही, असे डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत. ते खरेच आहे. पण जे मला कळायला हवे होते ते तुम्हांला कळावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा फेब्रुवारी महिना होता. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. दाढेची कड लागत असेल असे समजून मी मलम लावत राहिले. मार्च गेला, एप्रिल गेला. निकालपत्रके लिहून झाल्यावर मे महिन्यात दंतवैद्याकडे गेले. त्यांनी तोंडात पाहिले आणि विचारले, “बाई, किती दिवस झाले?” मी तीन महिने म्हणताच ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. तुकडा काढून तपासणी झाली, आणि पुढचे सगळे तुम्ही ओळखलेच असेल. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही आपल्याकडची भीती निराधार आहे. या भीतीपायी अनेकजण मोलाचे महिने घालवतात.

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. जिभेचा रोगट भाग, मानेतील लसिकाग्रंथी, एक दाढ, एवढे गेले. मनगटाची त्वचा तिच्या रक्तवाहिन्यांसह उचलून जिभेच्या जागी शिवली गेली. शुद्धीवर आले तेव्हा गळ्यात श्वासाची नळी होती, नाकात अन्नाची नळी होती आणि हातात पती घेऊन आलेली पाटी होती. सत्तावीस वर्षे मुलांना पाटीवर लिहायला लावणाऱ्या बाईला पाटीवरच पहिले वाक्य लिहावे लागले. ते वाक्य होते, “आरसा नको.”

पुढे जखम भरल्यावर किरणोपचार सुरू झाले. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३० वेळा. किरण लागताना काही कळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटून निघते. लाळ आटते. पाणीही धातूसारखे लागते. माझे वजन अकरा किलोंनी उतरले. वेदनांवर औषध असते. पण घरात कोणी पोळी भाजत असेल तर त्या वासाने जे मन भरून येते, त्यावर नसते.

उपचार संपले त्या दिवशी रुग्णालयात सर्वांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. आजार संपला, असे घरच्यांना वाटले. मलाही वाटले. खरे म्हणजे बरे होण्याचा श्रीगणेशा त्या दिवशी व्हायचा होता, आणि त्याची कल्पना आम्हां कोणालाच नव्हती.

तोंड जेमतेम एक बोट उघडत होते. बोलले तर शब्दांऐवजी नुसता आवाज बाहेर पडे. लाळ पूर्वी आटलेली, पण जी होती ती ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून नकळत गळे. मानेतून खांद्याकडे जाणारी नस दुखावल्याने उजवा हात डोक्याच्या वर जात नव्हता. वेणी पतींना घालावी लागे. दूरध्वनी वाजला की मी दुसऱ्या खोलीत जात असे. एका हितचिंतकांनी प्रेमानेच सुचवले, “आता स्वेच्छानिवृत्ती घ्या, शिक्षकाचे भांडवलच गेले.” मी अर्ज लिहून ठेवला. सही तेवढी राहिली होती.

त्याच आठवड्यात इथून आईचा निरोप आला. ती तेव्हा ८१ वर्षांची होती. “तिला इकडे पाठवा, शाळेची घंटा ऐकू येणार नाही इतक्या लांब.” मी तीन महिने या गावी येऊन राहिले.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगते. तंजावरच्या मराठी घरांत बोलली जाते ती मराठी साडेतीन शतके तमिळच्या शेजारात वाढली. तिचा हेल वेगळा, काही शब्द वेगळे. अठराव्या वर्षी मी महाराष्ट्रात शिकायला आले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या बोलण्यावर हसत. मी आईला ‘अम्मा’ म्हणते, हेही त्यांना गमतीचे वाटे. मी वर्षभरात जीभ घासूनपुसून स्वच्छ केली. ‘अम्मा’ची ‘आई’ झाली. पुढे शिक्षिका झाल्यावर उच्चारांच्या बाबतीत मी जितकी कडक होते तितकी शाळेत दुसरी कोणी नसेल. वक्तृत्व स्पर्धेत ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांची गल्लत करणाऱ्या मुलांचे मी किती गुण कापले असतील, याचा हिशेब इथे बसलेले काही जण ठेवून असतील. त्यांची आज मी मनापासून क्षमा मागते.

इथे एक वाचा-उपचारतज्ज्ञ तरुणी मला शिकवायला येऊ लागली. ती तमिळ, तिला मराठी येत नव्हते. पहिल्याच दिवशी तिने मला आपली वर्णमाला लिहून दाखवायला सांगितली. मी लिहिली. ती हसून म्हणाली, “माझा निम्मा अभ्यासक्रम तुमच्या पूर्वजांनी आधीच मांडून ठेवला आहे.” कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही नावे मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आले होते. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे, हे मला तेव्हा कळले. घशापाशी ‘क’पासून निघून ओठांशी ‘म’पर्यंत येणारी ती वाट आहे, आणि माझ्या वाटेवरचे मधले पूल वाहून गेले होते.

ओठ शाबूत होते, म्हणून प, फ, ब, भ, म आधी आले. जिभेचे मूळ वाचले होते, म्हणून क आणि ग त्यामागून आले. दातांना आणि टाळूला जीभ टेकवायची ते त, द, न आणि जीभ वळवायची ते ट, ड, ण, ळ मात्र हट्टाने दूर राहिले. मला स्पष्ट उच्चारता आलेला पहिला पूर्ण शब्द कोणता असेल? ज्याला फक्त ओठ लागतात तो, ‘अम्मा’. स्वयंपाकघरातून ती बाहेर आली. पस्तीस वर्षांनी तिने माझ्या तोंडून ती हाक ऐकली होती. ती काही बोलली नाही. पदराने माझ्या ओठाचा कोपरा पुसला आणि परत आत गेली.

त्या दिवशी मी आरसा मागून घेतला.

रोजचा क्रम साधा होता, पण तो एक दिवसही चुकवायचा नव्हता. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि तोंड ताणायचे. पहिल्या दिवशी ९ काड्या बसल्या, तीन महिन्यांनी १९. खांद्यासाठी भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायचा. गिळताना मान कोणत्या बाजूला झुकवावी, घोट किती घ्यावा, ठसका लागला तर काय करावे, हे लहान मुलासारखे शिकायचे. राजांच्या त्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आठवून मीही एक वही घातली. धन्वंतरी महालात औषधे बनवून घेणारा राजा रोग्याची हकीकत लिहून ठेवी, मग मी माझी का ठेवू नये? तारीख, काड्या, खाल्लेले पदार्थ, जमलेले अक्षर. ज्या दिवशी काहीच सुधारणा नसे त्या दिवशी मागची पाने उलटून पाहत असे. रोजच्या मोजमापात न दिसणारी वाढ महिन्याच्या मोजमापात दिसते, हे शाळेतल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला ठाऊकच आहे.

अन्नाचे म्हणाल तर सांबाराचे नाव संभाजी राजांवरून पडले, ही इथली लाडकी दंतकथा. पण ते तिखट-आंबट सांबार मला वर्षभर वर्ज्य होते. मला उभे केले ते मऊ ताकभाताने आणि डांगर पच्चडीने. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेला हा पदार्थ इथल्या मराठी घरांची खूण. मिरची न घालता अम्मा तो करी. थंड, मऊ, घशातून अलगद उतरणारा. नळी काढल्यानंतर पहिल्यांदा वाटी रिकामी झाली ती त्याची.

शरीराचे हे झाले. मनाचे सांगणे अधिक अवघड आहे. रोजच्या व्यायामाची वही भरत असतानाही अनेक रात्री मी जगण्याला कंटाळले होते. आपण चांगल्या घरात आहोत, माणसे प्रेमळ आहेत, तरीही असे का वाटते म्हणून स्वतःचाच राग येई. शेवटी उपचारतज्ज्ञ तरुणीच्या आग्रहावरून मी मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. काही महिने औषध घेतले. हे मी मुद्दाम जाहीरपणे सांगते आहे. जिभेला टाके घातले हे सांगायला लाज नाही, तर मनाला घातले हे सांगायला का असावी?

आजही दर तपासणीच्या आदल्या रात्री झोप येत नाही. पहिली दोन वर्षे रोग परतण्याची शक्यता अधिक असते, ती सरली. पाचवे सरायचे आहे. भीती गेलेली नाही, पण आता ती घरातल्या एखाद्या वृद्ध नातेवाइकासारखी आहे. तिला विचारून मी कामे ठरवत नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनातली दोन उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. राजकीय मतांचा इथे संबंध नाही. आर. आर. पाटील, सर्वांचे आबा, २०१५ च्या फेब्रुवारीत याच रोगाने अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी गेले. श्री. शरद पवार यांना २००४ साली, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांतून ते गेले. सुपारी-तंबाखूची सवय वेळीच सोडली नाही याची खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. उपचारांनंतर त्यांचे उच्चार बदलले, हे कोणीही सांगू शकेल. पण २०१९ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात भर पावसात ते बोलले तेव्हा समोरच्या माणसांनी उच्चार मोजले नाहीत. माझ्या वहीत त्या तारखेची नोंद नाही, कारण तेव्हा मी धडधाकट होते. पुढे ती चित्रफीत मात्र मी अनेकदा पाहिली.

आज भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. उपचारांचे ज्ञान आपल्याकडे कमी नाही. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. इथून जवळच्या पुदुकोट्टईच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू पाहिला आणि १९५४ साली मद्रासला अड्यारची कर्करोग संस्था सुरू केली. कमी पडते ती वेळेवर उघडलेल्या तोंडाची. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहा. तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट लागताच होणारी जळजळ, कमी होत चाललेले तोंडाचे उघडणे, मानेतली गाठ, यांपैकी काहीही दिसले तर परीक्षा, लग्न, सुगी यांची वाट न पाहता दाखवा. आणि पालकहो, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्या शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले आहे. पुढचे काम एकट्या मुख्याध्यापिकेचे नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना तीन विनंत्या. त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका; त्याला वेळ लागू द्या. कळले नाही तर कळल्यासारखी मान हलवू नका, पुन्हा विचारा. आणि “काहीच फरक पडलेला नाही” असे म्हणू नका. फरक पडलेला असतो. तो मान्य करणारे माणूस जवळचे वाटते.

आठ महिन्यांनी मी शाळेत परतले. निवृत्तीचा तो अर्ज संस्थेच्या सचिवांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो वाचून मलाच परत दिला. पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर मी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले. तीन वाक्ये बोलायची ठरवली होती, एकच जमले. पाचवीच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. शिक्षक त्या मुलाकडे धावले. मी त्यांना थांबवले, कारण त्या हसण्यात मला माझ्या वसतिगृहातल्या मुली आणि लाल पेन घेतलेली मी, दोघी ऐकू आल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गावर तास मागून घेतला आणि मुलांना काड्यांचा जुडगा, माझी वही आणि वर्णमालेचा तक्ता दाखवला. त्या तासाला कोणी हसले नाही. प्रश्न मात्र इतके आले की घंटा झाल्यावरही वर्ग सुटेना.

आपल्या वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेत उच्चारशुद्धीचा रकाना आजही आहे. शुद्ध उच्चार शिकवणे मी सोडलेले नाही. ते माझे काम आहे. पण आता त्या रकान्याच्या खाली एक ओळ घातली आहे: ज्याला बोलायला कष्ट पडतात, त्याला दुप्पट वेळ.

सकाळी त्या भिंतीवरची मराठी वाचताना तुमच्यातील एकाने मला विचारले, “बाई, ही भाषा आपल्यापेक्षा थोडी वेगळी आहे ना?” आहे. मुलुख सुटला, राज्य गेले, शेजार बदलला, हेल बदलला. तरी इथल्या घरांत ती अजून बोलली जाते. माझ्या तोंडातही आता एक वेगळी मराठी आहे. ‘ळ’ अजून नीट येत नाही. ‘शाळा’ म्हणताना मला क्षणभर थांबावे लागते, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुम्ही त्या क्षणी थांबलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे.